पंचीकरण

पंचीकरण : आकाश, वायू, तेज, आप व पृथ्वी या पाच सूक्ष्म भूतांच्या परस्पर मिश्रणातून स्थूल भूते कशी बनतात हे सांगणारी वेदान्तातील, विशेषतः अद्वैत वेदान्तातील, प्रक्रिया. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन सारखे भाग करावयाचे, एक अर्ध तसाच राखून दुसऱ्या अर्धाचे पुन्हा चार भाग पाडावयाचे आणि ते उरलेल्या चार भूतांच्या राखलेल्या अर्धांत एकेक करून मिळवावयाचे, असा तिचा क्रम आहे. सोळा आण्यांच्या जुन्या हिशोबात मांडायचे, तर स्थूल पृथ्वीत आठ आणे पृथ्वी असते आणि बाकीच्या चार भूतांचा वाटा प्रत्येकी दोन आणे असतो. मिश्रण झाल्यावरही तिला पृथ्वी हेच नाव राहते, ते या आठ आण्यांच्या बळावर. ब्रह्मसूत्रांतील ‘वैशेष्यात्तु तद्वादस्तद्वादः’ (ज्याचा अंश अधिक त्याचे नाव, २.४.२२) हे सूत्र त्यासाठी आधार म्हणून दाखवले जाते. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त पहिल्याच प्रकरणात हा हिशोब एका श्लोकात बांधला आहे व पुढील ग्रंथकारांनी तो प्रमाण मानला आहे.

या कल्पनेचा उगम मात्र वादग्रस्त आहे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू अशी पाच भूतांची उत्पत्ती सांगितली असली, तरी त्यांच्या मिश्रणाचा उल्लेख तेथे नाही. मिश्रण येते ते छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात, आणि तेही तेज, आप व अन्न (म्हणजे पृथ्वी) या तिघांचेच. यालाच त्रिवृत्करण म्हणतात. अग्नीचे तांबडे रूप तेजाचे, पांढरे पाण्याचे व काळे अन्नाचे, असे तेथील उद्दालक आपला मुलगा श्वेतकेतू याला समजावतो. ब्रह्मसूत्रेही (२.४.२०) त्रिवृत्करणच सांगतात आणि शंकराचार्यांचे त्यावरील भाष्य त्याच मार्गाने जाते. छांदोग्यभाष्यात मात्र हाच न्याय पंचीकरणालाही लागू आहे, असे त्यांचे एक ओझरते वाक्य आहे. त्यावरून ही प्रक्रिया त्यांना परिचित होती एवढे म्हणता येते. त्यांच्या नावावरील ‘पंचीकरण’ हे छोटे गद्य प्रकरण (म्हणजे एका विषयापुरता लहान ग्रंथ) व त्यावरील त्यांचे शिष्य सुरेश्वर यांच्या नावाचे वार्तिक (पद्यमय विवरण) यांचे कर्तृत्व परंपरेला मान्य असले, तरी अनेक अभ्यासक त्याविषयी साशंक आहेत. हे प्रकरण संप्रदायात पुढे केव्हातरी सिद्ध झाले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यावर ‘भामती’ ही टीका लिहिणाऱ्या वाचस्पतिमिश्रांनी त्रिवृत्करणाचीच बाजू धरली. आकाशात व वायूत तेजाचा अंश मिसळला, तर ती भूते डोळ्यांना दिसली पाहिजेत. ती तशी दिसत नाहीत, हा त्या बाजूचा मुख्य आक्षेप होय. अंश अल्प असल्याने रूप प्रकट होत नाही, असे त्याला उत्तर दिले जाते. भामतीवर ‘कल्पतरु’ ही टीका लिहिणारे अमलानंद देवगिरीच्या कृष्ण व महादेव या यादव राजांच्या काळातले, म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यास होऊन गेले. संप्रदायाची वाट पंचीकरणाची असली, तरी युक्तीच्या दृष्टीने वाचस्पतींचे मतच चांगले, असा स्वच्छ निर्वाळा त्यांनी दिला. संप्रदायाविरुद्ध जाणारे मत इतक्या निःसंकोचपणे नोंदवणारा ग्रंथ यादवांच्या राजवटीत लिहिला गेला, ही मराठवाड्याच्या बौद्धिक इतिहासातील मोलाची गोष्ट आहे. मराठीने मात्र पंचीकरणच उचलले.

मराठीतील वेदान्तनिरूपणाचा आरंभ मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’पासून धरतात. ग्रंथातील ओवीप्रमाणे त्याचा काळ शके १११० (इ. स. ११८८) येतो. उपलब्ध प्रतींची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन दिसते म्हणून या कालाविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत. परंतु नकलाकारांच्या हातून भाषा बदलत जाणे स्वाभाविक असल्याने ओवीतील शक सहसा नाकारू नये. ग्रंथात आलेले अंबानगर वैनगंगेकाठचे अंभोरा, असे एक मत आहे. मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते ती बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला.

त्याच अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरण हा विषय पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर पांघरण्याचे जाडेभरडे सुती वस्त्र. दासोपंतांची पासोडी सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद असून तीवर ओव्यांच्या जोडीला आकृत्याही आहेत. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचणाऱ्या या ग्रंथकाराला कागदाचे वावडे नव्हते. पोथीचे पान उलटले की मागचे नजरेआड होते. पाच भूतांचे प्रत्येकी पाच असे पंचवीस रकाने मात्र एकाच वेळी डोळ्यांपुढे असावे लागतात. पसरलेल्या कापडावर ते तसे राहतात. वस्त्राची निवड त्यामुळेच झाली असावी.

पाच भूतांच्या मिश्रणातून देहात येणाऱ्या या पंचवीस तत्त्वांची यादी ग्रंथागणिक थोडी बदलते. उदाहरणार्थ, अस्थी, मांस, त्वचा, नाडी व रोम ही पृथ्वीची. क्षुधा, तृषा, आलस्य, निद्रा व मैथुन ही तेजाची. काम, क्रोध, शोक, मोह व भय ही आकाशाची, अशी वाटणी रूढ आहे. भय हे आकाशाचे का, याची उपपत्ती क्वचितच दिली जाते. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी ‘दासबोधा’त तत्त्वांची ही मोजणी विस्ताराने केली असून तिला ‘तत्त्वझाडा’ असा शब्द आहे. झाडा हा जमाखर्चातला शब्द, आणि तो येथे नेमका बसतो. देहातील एकेक बाब तिच्या भूताच्या खाती टाकत गेल्यावर ‘मी’ म्हणून दाखवावे असे देहात काहीच शिल्लक राहत नाही. संस्कृत टीकाकारांना भूतांचे प्रमाण तीन की पाच याची चिंता होती; अंबाजोगाईच्या व जांबच्या ग्रंथकारांना हा झाडा पुरा होण्याची होती.