५-एचटी३ ग्राही

सेरोटोनिन (५-एचटी) हे निरोप्या रसायन चिकटताच उघडणारी, चेतापेशीच्या पटलातील आयन-वाहिनी, म्हणजे विद्युतभारित कणांची वाट. सेरोटोनिनच्या ग्राहींची, म्हणजे ते टिपणाऱ्या प्रथिनांची, सात कुळे आहेत. त्यांतली सहा कुळे जी-प्रथिने या मध्यस्थांमार्फत पेशीच्या आत निरोप धाडतात, आणि त्यात वेळ जातो. हे सातवे मात्र स्वतःच दार आहे. ते मिलिसेकंदांत उघडते, सोडियम व थोडे कॅल्शियम आत शिरते, पोटॅशियम बाहेर पडते आणि चेतापेशी उद्दीपित होते.

पाच धारांचे करंबळ आडवे कापले की जशी चकती दिसते, तशी याची पाच उपएकके मधल्या छिद्राभोवती बसलेली असतात. ‘ए’ उपएकक एकट्याच्या बळावर वाहिनी घडवते. बी, सी, डी, ई यांना ‘ए’ची सोबत लागते. ‘ए’चे जनुक १९९१ मध्ये हाती आले, उंदरातील ग्राहीची स्फटिकरचना २०१४ मध्ये. त्याच्या अस्तित्वाचा सुगावा मात्र खूप आधीचा: गॅडम आणि पिकारेली यांनी १९५७ मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर सेरोटोनिनचे दोन वेगळे ग्राही दाखवले. मॉर्फिनने अडणारा ‘एम’ तो हाच.

सेरोटोनिनला ‘आनंदाचे रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे. या ग्राहीपुरते बोलायचे तर ते ओकारीचे रसायन ठरेल. शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. सिसप्लॅटिनसारखे कर्करोगावरील औषध किंवा नासलेल्या अन्नातले विष आतड्याच्या अस्तराला डिवचते, तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेच्या टोकांवरचे हे ग्राही उघडतात आणि मस्तिष्कस्तंभाला वर्दी जाते. ओकारीवरचे औषध ऑन्डान्सेट्रॉन नेमके हेच दार अडवते. आतड्याची हालचालही याच वाटेने चालत असल्याने त्या गोळीने बद्धकोष्ठ होते.

हर्णैच्या ट्रॉलरवर पहिल्यांदा गेलेल्या पाहुण्याला ‘बोट लागते’, तेव्हा मात्र ही गोळी फारशी कामाची नाही. ती मळमळ आतड्यातून नव्हे, अंतर्कर्णाच्या तोलयंत्रणेतून उठते आणि तिथे हिस्टामिन व अॅसिटिलकोलीन यांचा कारभार असतो. म्हणून त्यांना अडवणारे प्रोमेथाझीनसारखे औषध लागते, तेही बोटीत पाय ठेवण्याआधी.

मेंदूच्या बाह्यकात हा ग्राही काही निरोधक चेतापेशींवर आढळतो.

त्वचेतल्या वेदनावाहक टोकांवरही तो असतो. गांधीलमाशीच्या विषात सेरोटोनिन असते आणि डंखाच्या आगीत त्याचा वाटा आहे. कोकणात पावसाळ्यानंतर गडग्यावर लोंबणाऱ्या खाजकुइलीच्या शेंगांवरील सोनेरी-तपकिरी लवेतही सेरोटोनिन सापडले. साहजिकच खाजेचे खापर त्याच्यावर फुटले. पण खरा कर्ता निघाला त्याच लवेतला म्युक्युनेन हा प्रथिने तोडणारा विकर, आणि तो उघडतो ते दार वेगळेच आहे.