नास रेटिंग म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर नव्हे

दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात प्रबंध जमा करायचे दिवस आले की हा घोळ ठरलेला. परवाच एका मुलीने बायोडेटा तपासायला दिला. कोळंबीवरच्या पेपरपुढे लिहिलेलं: ‘इम्पॅक्ट फॅक्टर ५.८०’. जर्नल (शोधपत्रिका) चांगलं आहे, पण त्याला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही. ५.८० हे त्याचं नास रेटिंग.

इम्पॅक्ट फॅक्टर बहुतेकांना पाठ असतो. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या लेखांत आलेले त्यांचे संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. स्कोपस या दुसऱ्या लेखसूचीवाल्यांचा असाच आकडा, साइटस्कोअर, चार वर्षांचा हिशेब धरतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नास रेटिंग देते दिल्लीची राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘नास’), आणि खरी मेख इथेच आहे. ज्या जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर आहे, त्याच्या आकड्यात अकादमी सरळ ६ मिळवते. ज्याला नाही, त्याला तज्ज्ञ तपासून ६ पर्यंत गुण देतात. म्हणजे ७.२० दिसलं तर इम्पॅक्ट फॅक्टर १.२. मिरकरवाडा बंदरावर मासळी टोपलीसकट काट्यावर चढली, तर टोपलीचं वजन वजा केल्याशिवाय कोणी पैसे मोजेल का? इथे टोपली सहाची.

पण सहाच्या खालच्या आकड्यातून काहीच वजा करू नका, तिथे मुळात इम्पॅक्ट फॅक्टर नाही. म्हणूनच ५.८० आणि ६.४० शेजारी ठेवून ‘साठ शतांशाचाच तर फरक’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. एक आकडा तज्ज्ञांनी दिलेले गुण, दुसरा सायटेशन्स मोजून आलेला. वरच्या टोकाला रेटिंग २० वर थांबतं. ‘नेचर’चा इम्पॅक्ट फॅक्टर पन्नाशीच्या आसपास, तरी रेटिंग २०, आणि १४ वाल्या जर्नलचंही २०च.

मुलांना तरी काय बोलायचं? मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट ५.८०’ छापणारे संपादकच आहेत. ‘नास’ हे दोन अक्षरी नाव लिहायला जागा नसते का? अशा जर्नलकडे मी विद्यार्थ्यांचे पेपर पाठवू देत नाही.

त्या मुलीची ओळ तिच्याकडूनच खोडून घेतली. आता तिथे ‘नास रेटिंग ५.८०’ आहे आणि पुढे वर्षही आहे, कारण नवी यादी जानेवारीपासून लागू होते.