चकवर सपाट, उतरवली की वाकडी

सरफेस ग्राइंडरवरून, म्हणजे फिरत्या घासचाकाने (व्हीलने) पृष्ठभाग सपाट करणाऱ्या मशीनवरून, उतरवलेली पोलादी पट्टी झळाळते, पण मार्किंग ब्लू (निळा रंग) लावलेल्या सरफेस प्लेटवर, म्हणजे अचूक सपाट पाटावर, फिरवली की निळा रंग फक्त दोन टोकांना लागतो, मधला भाग कोरा. घरच्या वर्कशॉपमधलं मशीन बहुधा जुनं, त्यामुळे सगळं खापर स्लाइडच्या (मशीनच्या सरकत्या भागांच्या) झिजेवर फुटतं. झीज असतेही. पण पातळ जॉब (घासायचा तुकडा) वाकडा निघाला तर आधी चुंबकाकडे बघावं, मग उष्णतेकडे.

मॅग्नेटिक चक, म्हणजे जॉब धरून ठेवणारा चुंबकी पाट, ६ मिमीची पट्टी सहज वाकवतो. मुळात ०.१ मिमी बाक असेल तर चक चालू होताच पट्टी ओढली जाऊन सरळ होते, व्हील तिचा माथा इमानेइतबारे सपाट करतं, आणि चुंबक सोडला की बाक परत हजर. हे पकडणं सोपं आहे. पट्टीच्या मधोमध डायल इंडिकेटरचं (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचं) टोक टेकवून चक चालू करायचा. काटा ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जास्त हलला तर खाली पोकळी आहे. पोकळ बाजू खाली ठेवून मध्ये कागदाचा किंवा पितळी शिमचा (पातळ पत्र्याचा) तुकडा सारावा, काटा हलेनासा होईपर्यंत. शिममुळे पकड कमी होते, म्हणून चारही बाजूंनी जॉबपेक्षा बुटके लोखंडी तुकडे टेकवून लावावेत. ते नसतील तर जॉब उडतो, आणि ठिणग्यांच्या दिशेनेच उडतो. तिथे उभं राहायचंच नाही. एक बाजू साफ झाली की उलटवून दुसरी, मग पुन्हा पहिली, थोडी थोडी. ब्राइट बारला (गार ओढून काढलेल्या चकचकीत बारला) तर याशिवाय पर्यायच नाही: कातडीतला ताण एकाच बाजूने काढला की बार वाकतो.

उष्णतेचा हिशेब कागदावर मांडता येतो. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २०० मिमी लांब, २० मिमी जाड पट्टीचा माथा तळापेक्षा फक्त ५ अंशांनी गरम झाला आणि तिला मोकळं वाकू दिलं, तर मध्यभाग सुमारे १४ मायक्रॉन वर येतो. चक तिला काही प्रमाणात धरून ठेवतो. पण जेवढा भाग वर येतो तेवढा जास्त घासला जातो, आणि गार झाल्यावर तिथेच खळगा पडतो. फिनिशिंगचा कट ५ मायक्रॉनचा, म्हणजे चूक कटापेक्षा मोठी! कूलंट (थंड ठेवणारं पाणी) नसेल तर रफिंगला (सुरुवातीच्या जाड कटांना) १० मायक्रॉन पुरे, आडवी सरक दर फेरीला २ मिमी, आणि शेवटच्या कटाआधी जॉब हाताला गार लागेपर्यंत थांबावं. मग कट न वाढवता दोन-तीन फेऱ्या, ठिणग्या विझेपर्यंत.

बोथट व्हील कापत नाही, नुसतं रगडतं, आणि उष्णता वाढते. कडक केलेल्या पोलादाला मऊ ग्रेडचं व्हील लागतं, उदाहरणार्थ ए ४६ के (ए म्हणजे कणांचा प्रकार, ४६ कणांचा आकार, के ग्रेड), कारण त्यातले बोथट कण वेळेवर गळून पडतात. ड्रेसिंगचा (व्हील पुन्हा धारदार करण्याचा) डायमंड व्हीलच्या मध्यरेषेवर नको. ठिणग्या जातात त्या बाजूला ५-६ मिमी सरकवून आणि त्याच दिशेला थोडा कलता ठेवावा, म्हणजे तो व्हीलमध्ये रुतत नाही. दर फेरीला २० मायक्रॉन, शेवटची १०. नवं व्हील चढवण्याआधी लाकडी मुठीने हलकेच वाजवून बघावं: खणखणीत आवाज हवा, बद्द आला तर तडा आहे. तडा गेलेलं व्हील फुटू शकतं, आणि २०० मिमीचं व्हील २८०० आरपीएमला (मिनिटाला २८०० फेरे) फिरताना कडेचा वेग सेकंदाला २९ मीटर असतो.

जॉबवर तपकिरी किंवा निळा डाग उमटला तर तिथे टेंपर (पोलादाचा कडकपणा) उतरलेला असतो. पुढच्या कटात डाग पुसला जाईल, पण मऊ झालेला थर खाली राहिलेला असू शकतो.