आधी जमीन, मग भट्ट्या: अमेरिकेतल्या रेस्टॉरंट-साखळ्यांचे लिलाव

मे 2024 मध्ये रेड लॉबस्टर या अमेरिकन सीफूड रेस्टॉरंट-साखळीच्या पन्नासच्या आसपास शाखांतलं सामान ऑनलाइन लिलावात निघालं. फ्रायर, ग्रिल, बर्फाची यंत्रं, बसायचे सोफे, आणि जिवंत लॉबस्टर ठेवायच्या काचेच्या टाक्यासुद्धा. एका शाखेतलं सगळं एकाच बोलीत, जिंकेल त्याने सगळं उचलायचं. हा लिलाव 13 मेच्या आठवड्यात झाला आणि कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला 19 मेला. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच भट्ट्या विकून झाल्या होत्या. अनेक कर्मचाऱ्यांना आपली शाखा बंद झाल्याचं ऐन वेळी कळलं.

त्या वेळी सगळीकडे चर्चा झाली ती कोळंबीची. 2023च्या उन्हाळ्यात कंपनीने 20 डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी ही मर्यादित काळाची योजना कायमची केली आणि त्यात सुमारे 1.1 कोटी डॉलरचा फटका खाल्ला. खवय्यांनी कंपनी खाऊन टाकली, ही गोष्ट सांगायला मजेदार आहे आणि ती थोडीफार खरीही आहे. रेड लॉबस्टरची तेव्हाची मोठी भागधारक, थायलंडची थाई युनियन कंपनी हीच कोळंबीची मोठी पुरवठादार होती, त्यामुळे योजनेमागे नेमका कोणाचा फायदा होता, याची शंका दिवाळखोरीच्या कागदपत्रांतच घेतलेली आहे. पण त्याच कागदपत्रांत दुसरा एक आकडा आहे: 2023 मध्ये कंपनीने भाडेपट्ट्यांपोटी द्यायची रक्कम सुमारे 19 कोटी डॉलर, आणि त्यातले 6.4 कोटींहून अधिक नीट न चालणाऱ्या शाखांचे. कोळंबीचा तोटा यापुढे किरकोळ वाटतो.

एवढं भाडं आलं कुठून? बिल डार्डन यांनी 1968 मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँडला पहिलं रेड लॉबस्टर उघडलं. दोनच वर्षांत जनरल मिल्स या खाद्यपदार्थ कंपनीने ते विकत घेतलं, आणि 1995 मध्ये रेस्टॉरंटांचा धंदा डार्डन रेस्टॉरंट्स या नावाने वेगळा झाला. या सगळ्या काळात बऱ्याचशा शाखांची जागा कंपनीच्याच मालकीची राहिली. 2014 मध्ये डार्डनने रेड लॉबस्टर 210 कोटी डॉलरला गोल्डन गेट कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकलं, आणि त्याच सौद्यात पाचशेच्या आसपास शाखांच्या जागा 150 कोटी डॉलरला एका रिअल इस्टेट कंपनीकडे गेल्या. खरेदीची बहुतेक रक्कम खरेदी केलेल्या मालातूनच उभी राहिली. काल जिथे मालक होतो तिथेच दुसऱ्या दिवसापासून भाडेकरू. शिवाय अशा पट्ट्यांत भाडं वर्षागणिक चढत जातं, आणि मालमत्ता कर, विमा, डागडुजी हे सगळं भाडेकरूच्याच अंगावर असतं. डार्डनच्या काही भागधारकांना हा सौदा इतका झोंबला की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी सगळंच्या सगळं संचालक मंडळ बदलून टाकलं. सौदा मात्र तोवर होऊन गेला होता.

स्वतःच्या जागेत बसलेल्या धंद्याला वाईट वर्षं काढता येतात. गिऱ्हाईक कमी झालं तर नफा घटतो, दर महिन्याला दारात उभं राहणारं कोणी नसतं. जमीन विकली की ही उशी जाते, आणि कंपनीच्या हातात दाखवण्याजोगं उरतं ते स्वयंपाकघर.

साखळ्या बुडणं नवं नाही. नारिंगी छपरांचं हॉवर्ड जॉन्सन्स 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीला सुरू झालं, 1970च्या दशकात हजारच्या आसपास शाखांपर्यंत पोचलं, मग दोनदा विकलं गेलं आणि हळूहळू विरत गेलं. शेवटची शाखा 2022 मध्ये बंद झाली. हा मृत्यू चाळीसेक वर्षं चालला. आज जे एका रात्रीत घडतं त्यामागे मधल्या काळातले कायदे आहेत.

1978च्या दिवाळखोरी कायद्याने दोन वाटा ठळक केल्या. चॅप्टर 7 म्हणजे सरळ गाशा गुंडाळणं, चॅप्टर 11 म्हणजे घेणेकऱ्यांना थोपवून धंदा सावरायचा प्रयत्न. चॅप्टर 11 मध्ये कंपनीला नकोसा भाडेपट्टा सोडून देता येतो आणि जागामालकाची भरपाई मर्यादित राहते: एक वर्षाचं भाडं किंवा उरलेल्या मुदतीच्या 15 टक्के, यांपैकी जे जास्त ते, पण तीन वर्षांच्या भाड्यापलीकडे नाही. ही मोठीच सवलत. मात्र 2005च्या दुरुस्तीने कोणता पट्टा ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवायला 210 दिवसांची मर्यादा घातली. अर्जानंतरचं भाडं तर वेळच्या वेळी भरावंच लागतं. त्यामुळे बुडत्या शाखा अर्जाच्या आधी किंवा अर्जाच्या दिवशीच टाकून देणं फायद्याचं झालं. जागा जितक्या लवकर रिकामी करून परत दिली, तितकं भाडं वाचलं. लिलावाला तीनचार दिवसच मिळतात ते यामुळे. सावकाश, एकेक वस्तू विकली तर पैसे जास्त येतील, पण तेवढे दिवस भाडं कोण भरणार?

गुप्ततेचंही कारण आहे. बंद पडणार अशी कुणकुण लागली की पुरवठादार उधारी बंद करून रोख मागतात, आचारी दुसरीकडे नोकरी धरतात, आणि शाखा ठरल्या दिवसाआधीच कोसळते. 29 जुलै 2008ला बेनिगन्स आणि स्टेक अँड एल या दोन साखळ्यांच्या कंपनीच्या मालकीच्या सगळ्या शाखा एकदम चॅप्टर 7 मध्ये गेल्या. फ्रँचायझी शाखा वेगळ्या मालकांच्या, त्या उघड्या राहिल्या. पाटी तीच, जेवण तेच, पण एका गावात कुलूप आणि दुसऱ्या गावात दुपारची गर्दी.

कामगारांना आधी सांगायचा कायदा 1988 पासून आहे. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने बंदची नोटीस 60 दिवस आधी द्यायची. पण तो लिहिला गेला कारखाने डोळ्यांसमोर ठेवून. एका ठिकाणचे किमान 50 लोक कामाला मुकत असतील तरच तो लागू होतो, आणि त्यात अर्धवेळ कामगार मोजत नाहीत. एका रेस्टॉरंटमध्ये पूर्णवेळ 50 माणसं सहसा नसतात. हजारो लोकांची कंपनी प्रत्येक दारापाशी लहान ठरते आणि सुटते. काही राज्यांचे नियम जास्त कडक आहेत, सगळ्यांचे नाहीत.

आता लिलाव. पूर्वी लिलाववाला हातोडा घेऊन जेवणाच्या हॉलमध्ये उभा राहायचा आणि परिसरातले छोटे रेस्टॉरंटवाले, जुन्या भांड्यांचे व्यापारी बोली लावायचे. आता फोटो पाहून बोली लागते, कोविडनंतर तर बहुतेक अशीच. अट जुनीच आहे: आहे तसं, आहे तिथून. फ्रायर चालू आहे की नाही ते घेणाऱ्याने पाहायचं, गॅसची जोडणी त्यानेच सोडवायची, बोलीवर लिलाव कंपनीचा अधिभार वेगळा द्यायचा. आणि डोळ्यांना दिसतं ते सगळं विक्रीला नसतं. सोड्याचं यंत्र बहुधा शीतपेय कंपनीचं असतं, भांडी धुण्याचं यंत्र अनेकदा भाड्याचं. चुलीवरचं धुराडं इमारतीला पक्कं बसवलेलं असल्याने सहसा जागामालकाकडेच राहतं. नवी घेताना हजारो डॉलर पडलेली भट्टी इथे त्याच्या लहानशा हिश्श्यात जाते. नव्याने धंदा मांडणाऱ्याला ही पर्वणी असते, आणि त्यात मला काही वावगंही दिसत नाही.

आलेले पैसे मात्र आधी तारण घेऊन कर्ज देणाऱ्याकडे जातात. अमेरिकन व्यापारी कायद्यात पुढे येणाऱ्या मालासकट सगळ्या जंगम मालमत्तेवर एकच बोजा चढवता येतो, आणि बँका तो चढवतातच. एक गंमतीशीर अपवाद ताज्या भाजीपाल्याचा. नाशवंत शेतमालाच्या कायद्यातल्या 1984च्या दुरुस्तीमुळे कांदा, लेट्यूस, टोमॅटो विकणाऱ्याचे पैसे त्याच्यासाठी राखलेला विश्वस्त निधी मानले जातात आणि तो बँकेच्याही आधी उभा राहतो. रेस्टॉरंट-साखळ्यांनाही हे लागू होतं, असं न्यायालयांनी 2000च्या सुमारास ठरवलं. मासे विकणाऱ्याला ही सोय नाही. रेड लॉबस्टरच्या संदर्भात हे जरा टोचतं.

रेड लॉबस्टर सप्टेंबर 2024 मध्ये नव्या मालकांसह, कमी शाखांनिशी दिवाळखोरीतून बाहेर पडलं. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला टीजीआय फ्रायडेज चॅप्टर 11 मध्ये गेलं, आणि तिथे जमिनीच्याही पुढची पायरी दिसते. 1965 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या साखळीने फ्रँचायझींकडून येणारी रॉयल्टीच 2017 मध्ये कर्जरोख्यांसाठी तारण लावली होती. अर्जाच्या काही आठवडे आधी त्या उत्पन्नाचं व्यवस्थापनही कंपनीच्या हातून गेलं. जगभरच्या फ्रायडेज शाखा या अर्जाबाहेर राहिल्या. कोर्टासमोर आली ती कंपनी स्वतः चालवत असलेली 39 रेस्टॉरंटं.