‘पिशवी काढली’ या दोन शब्दांमागची पन्नास वर्षे

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. ‘तिची पिशवी काढली’ हे वाक्य तिथे इतके सवयीचे आहे की ऐकणारी पुढे काही विचारतही नाही. बाहेरच्या जगाने ते ऐकले २०१९ मध्ये. त्या जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, तीन वर्षांत जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्या सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभराचे हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

चर्चा साहजिकच खासगी दवाखान्यांवर गेली. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी होत्या आणि त्या गंभीर होत्या. पण दवाखाना हा या गोष्टीचा शेवटचा टप्पा आहे. तिची सुरुवात उचलीपासून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांपासून होते.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडायला हात हवे होते. ते पुरवले बालाघाटच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्याने: पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी. ७२ च्या दुष्काळाने हा ओघ कायमचा केला. दिवाळीच्या आसपास गाव रिकामे होते आणि उन्हाळा लागला की टोळ्या परततात.

मजूर आणि कारखाना यांच्या मध्ये मुकादम असतो. हंगामाआधी तो जोडप्याला एकरकमी उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हिशेब कोयत्याचा आणि टनावर. बाईच्या नावाने वेगळी मजुरी कुठल्याच वहीत लागत नाही. एक दिवस काम बुडाले तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड कोयत्याच्या नावावर चढतो. २०१९ च्या सुमारास बायका दिवसाला ५०० रुपये दंड सांगत होत्या. पाळी आली, अंग दुखते, गर्भ पडला, तरी खाडा तो खाडाच.

आता फडातला दिवस बघा. पहाटे अंधारात निघायचे, वाकून बुडख्याशी ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. ट्रॅक्टर रात्री आला तर भरणीही रात्रीच. मुक्काम पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या तळावर. संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीचे कापड धुवायला पुरेसे पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते आणि दुखणे सहा महिने अंगावर काढले जाते. गावी परतल्यावर दवाखान्यात कोणी म्हणाले की पिशवी काढली की पाळीही नाही आणि त्रासही नाही, तर खाडा न परवडणाऱ्या बाईला ते पटते. काहींनी ऑपरेशनचा खर्चही नव्या उचलीतून भागवला. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. मोळी मात्र तेवढ्याच वजनाची असते.

मग कायदे कुठे होते? कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, पण त्यातून हंगामी कारखाने वगळलेले, आणि त्या व्याख्येत साखरेचे नाव स्पष्ट लिहिलेले. प्रसूती लाभाचा कायदा १९६१ चा, पण तो मागायचा कोणाकडे? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर फक्त टोळी आणतो. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला, तोही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. बीडहून कर्नाटकात गेलेली बाई त्यात बसू शकत होती, कोल्हापूरला गेलेली नाही. मला सगळ्यात जास्त हेच खुपते. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला होता. अनेक मालकांकडे विखुरलेल्या हमालांची मंडळाकडे नोंदणी, मजुरीवर मालकांकडून लेव्ही, म्हणजे जादा आकार, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा. घरच्याच या नमुन्यावर ऊसतोड मजुरांनाही संरक्षण द्या, ही संघटनांची मागणी जुनी आहे.

वाट्याला आले महामंडळ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळला आणि त्याच्या पुण्यातल्या कार्यालयाचे उद्घाटन व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. निधीसाठी उसाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढाच वाटा सरकारचा, असे ठरले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. ही वाढ संपाच्या जोरावर मिळाली आणि ती मोठी होती. पण तीही टनावर, म्हणजे कोयत्याच्याच नावावर.

बीडमध्ये २०१९ पासून खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. हा नियम बीडचा. दुखणे सुरू होते ते फड कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात आहेत आणि तिथे आजारी बाईला एक दिवस बसू द्या, असे मुकादमाला सांगणारे कोणी नाही.