आलांसाँ लेस

आलांसाँ लेस : फ्रान्समधील नॉर्मंडीतल्या आलांसाँ गावची, केवळ सुई-धाग्याने घडवलेली लेस. हिच्याखाली कापड नसते. जाळी, नक्षी आणि काठ हे सगळे टाक्यांनीच उभे राहते.

सतराव्या शतकात फ्रेंच दरबारी व्हेनिसच्या लेसवर पाण्यासारखा पैसा खर्च करीत. आलांसाँत मार्थ ला पेरिएर हिने १६५० च्या सुमारास व्हेनिसचे तंत्र आत्मसात करून त्यात सुधारणा केल्या होत्या. देशाचा पैसा देशातच राहावा म्हणून चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये लेसचे शाही कारखाने स्थापले. त्यांची मक्तेदारी १६७५ पर्यंत टिकली. गळपट्टे, बाह्यांच्या झालरी, शिरोभूषणाच्या पट्ट्या आणि पाद्र्यांचे झगे या लेसने सजत. पोत भरीव असल्याने दरबारात ती हिवाळ्याची लेस मानली जाई.

पूर्वी कामाचा एकेक टप्पा वेगळ्या कारागीर बाईकडे असे. आधी नक्षीच्या रेषांवर चर्मपत्राला जोडीजोडीने बारीक भोके पाडतात. खाली दुहेरी कापड लावून रेषांवर दोन धागे ठेवतात आणि भोकांतून बारीक टाके घालून ते पक्के करतात. याच चौकटीवर पुढचे सारे काम तोललेले असते. मग जाळी : डावीकडून उजवीकडे फासांची ओळ घालायची आणि परतताना प्रत्येक फासात धागा गुंडाळत यायचे. ओढ कमीजास्त झाली तर जाळी सुरकुतते, आणि हा दोष मागाहून निघत नाही. फुलापानांच्या पोटात काजटाके (बटणाच्या काजाला घालतात तसे टाके) भरतात. दाट भरले तर भाग घट्ट दिसतो, विरळ भरले तर मलमलीसारखा.

या लेसची खरी ओळख तिचा उठावदार काठ. धाग्यांच्या जुडीत घोड्याचा केस घालून तिच्यावर एकाला एक लागून काजटाके घालतात. नक्षीला ताठपणा येतो तो यामुळेच. मात्र पाण्यात केस आणि धागा सारखे वागत नाहीत, काठ आकसू शकतो. म्हणून जुना नमुना धुण्याची घाई करू नये.

मग दुहेरी कापडाच्या मधून पाते फिरवून बांधणीचे टाके कापले की लेस चर्मपत्रावरून सुटते. पाते तिरके गेले तर लेसच कापली जाते. धाग्यांचे उरलेले तुकडे चिमट्याने एकेक वेचतात, लेसचे सुटे तुकडे नक्षीच्या कडेने जोडतात आणि भरीव भाग शेवंड्याच्या नांगीने घासून तुळतुळीत करतात. एका चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ तास लागतात. कारागीर तयार व्हायला ७ ते १० वर्षे.

शेजारच्या आर्जांताँची लेस हिच्यासारखीच दिसते, पण तिची जाळी मोठी व षटकोनी असून तिच्या घरांच्या बाजूंवरही काजटाके असतात.

राज्यक्रांतीनंतर धंदा बसला. नेपोलियनच्या मागणीने त्याला काही काळ आधार मिळाला, पण पुढे यंत्राच्या लेसपुढे त्याचा टिकाव लागला नाही. १९७६ मध्ये आलांसाँत राष्ट्रीय जतन-कार्यशाळा सुरू झाली आणि २०१० मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली.

आज लग्नाच्या गाऊनवर ‘आलांसाँ’ म्हणून लागते ती बहुतेक यंत्राची लेस. भिंगाखाली पाहिल्यास फरक कळतो : यंत्राच्या लेसवर काठाची दोरी एकाच बाजूने नुसती टाचलेली असते, तर हातच्या लेसमध्ये काठ पूर्णपणे काजटाक्यांनी मढवलेला असतो.