आम्ही लगेच सल्ला का देत नाही? आमच्या समुपदेशनाविषयी माहिती

पहिल्या भेटीनंतर बरेच ग्राहक विचारतात, "पण मी नक्की काय करायचं, ते तुम्ही सांगितलंच नाही!" सिगारेट सोडायची असो, वजन उतरवायचं असो, रोज चालायचं असो की रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता घ्यायच्या असोत, आल्या आल्या हातात एक यादी पडेल असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे तसं होत नाही. त्यामागचं कारण आधी कळलं तर पहिली भेट वाया गेल्यासारखी वाटणार नाही, म्हणून हे पत्रक.

आम्ही जी पद्धत वापरतो तिला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. आम्ही तिला प्रेरक संवाद म्हणतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ती प्रथम मांडली, तीही दारूच्या आहारी गेलेल्या लोकांसोबत केलेल्या कामातून. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यांनी तिची नीट बांधणी केली. आज तंबाखू, आहार, व्यायाम, मधुमेह अशा अनेक ठिकाणी ती वापरली जाते.

कळतं, पण वळत नाही

सिगारेट वाईट हे ओढणाऱ्याला माहीत असतंच. ती सोडावीशीही वाटते आणि हवीशीही वाटते, दोन्ही एकाच वेळी. लोक याला आळस म्हणतात, मनाचा कमकुवतपणा म्हणतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. बदलाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं असंच होतं.

अशा माणसाला समोरच्याने "सोडाच आता" म्हटलं, की त्याच्या तोंडून आपोआप दुसरी बाजू निघते: "कामाचा ताण किती आहे, तुम्हाला काय माहीत!" जितका आग्रह, तितकी सबब पक्की. आपण जे स्वतःच्या तोंडाने बोलतो ते आपल्यालाच जास्त पटत जातं, आणि इथे तर न बदलण्याची कारणं बोलली जात असतात. म्हणून आमचा समुपदेशक अशा रीतीने विचारतो की बदलाची कारणं तुमच्याच तोंडून यावीत. तुमचं बोलणं तो आपल्या शब्दांत परत मांडेल, मधूनमधून गोळा करून सांगेल. चुकीचं मांडलं तर लगेच अडवा.

० ते १० चा प्रश्न

हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल: "हा बदल तुमच्यासाठी किती महत्त्वाचा आहे? ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे सर्वांत जास्त." समजा तुम्ही ५ म्हणालात. आम्ही विचारू, "मग २ का नाही?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. पण "८ का नाही?" असं विचारलं असतं, तर तुम्ही अडचणी मोजायला लागला असता. "२ का नाही?" याला उत्तर देताना माणूस म्हणतो, "जिना चढताना दम लागतो हो," किंवा "मुलीसमोर ओढायची लाज वाटते." ही कारणं आम्ही सुचवलेली नसतात, म्हणूनच त्यांना वजन असतं. आमच्या मते या सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे.

मग तसाच दुसरा आकडा विचारतो: "जमेल याची खात्री किती?" महत्त्व ९ आणि खात्री ३ असेल, तर महत्त्व पटवत बसण्यात काही अर्थ नसतो. मग बोलणं वळतं ते "३ चे ५ व्हायला काय लागेल?" याकडे. पूर्वी काही जमलं होतं का, तेव्हा कशाची मदत झाली, हे त्यातूनच निघतं. तुमची तयारी दिसली की पहिलं पाऊल कोणतं, कधी आणि ते चुकलं तर काय, हेही तुमच्याबरोबर ठरवतो.

माहिती आम्ही लपवून ठेवत नाही. तुम्हाला काय ठाऊक आहे ते आधी विचारतो, सांगू का म्हणून परवानगी घेतो, सांगतो, आणि मग त्यावर तुम्हाला काय वाटतं ते ऐकतो. थेट प्रश्न विचारलात तर थेट उत्तर मिळेल.

या पद्धतीच्या मर्यादा

एका भेटीत सवय सुटेल असं आम्ही कुणालाही सांगत नाही. अभ्यासांतून दिसणारा फायदा बहुतेक वेळा लहान ते मध्यम स्वरूपाचा असतो, आणि तो सगळ्यांना सारखा होत नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं आमच्या भेटींमुळे बंद करू नका. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. तशी सवय असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, मग आमच्याकडे या.

घरच्यांना एक विनंती. "तुम्हीच याला समजवा" म्हणून कुणाला ओढून आणू नका. स्वतःहून यायची तयारी नसेल, तर त्या व्यक्तीऐवजी तुम्ही या. घरी टोमणा न मारता कसं विचारायचं, यावर तुमच्याशी बोलता येईल.

पहिल्या भेटीला चालू औषधांची यादी बरोबर असू द्या. बोलून झाल्यावर "आत्ता नको" असं वाटलं, तर तसं मोकळेपणाने सांगा. त्यानंतर आम्ही फोन करून पाठपुरावा करत नाही. पुढची वेळ घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.